नाळेच्या रक्ताची साक्ष

तुमच्या घरी लहान भावंड असेल, तर आईला विचारून तिचे माता-बाल संरक्षण कार्ड पाहा. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन अशा नोंदींबरोबर तेथे रक्तगटाचीही एक नोंद असते. ‘बी पॉझिटिव्ह’, ‘ओ निगेटिव्ह’ असे काहीतरी लिहिलेले सापडेल. रक्त द्यायची किंवा घ्यायची वेळ आली म्हणजे ही नोंद उपयोगी पडते, एवढे आपल्याला ठाऊक असते. परंतु काही घरांत या नोंदीतील शेवटच्या एका शब्दावर जन्माला येणाऱ्या बाळाचे प्राण अवलंबून असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळच्या एका गावातील मुलगी पालम तालुक्यात दिली. तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह, नवऱ्याचा ओ पॉझिटिव्ह. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले. बाळ गुटगुटीत होते, काही त्रास झाला नाही. दोन वर्षांनी दुसरे बाळंतपण सासरी झाले. हेही बाळ जन्मतः खणखणीत रडले. पण दहा-बारा तासांतच त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला. घरातील वडीलधारी माणसे म्हणाली, “कावीळ सगळ्याच बाळांना होते. कोवळ्या उन्हात धरा, उतरेल.”

हे म्हणणे पुष्कळदा खरे ठरते. या बाळाच्या बाबतीत ते खरे नाही. ते का नाही, आणि प्रयोगशाळेला हे कसे कळते, ते आपण पाहू.

पिवळा रंग कोठून येतो?

आपल्या तांबड्या रक्तपेशी साधारणतः १२० दिवस जगतात. नवजात बाळाच्या पेशींचे आयुष्य त्याहून कमी, ८० ते ९० दिवसांचे असते. जुनी झालेली पेशी मोडली, की तिच्यातील हिमोग्लोबिनचे विघटन होते. त्यातील लोह शरीर पुन्हा वापरण्यासाठी जपून ठेवते. उरलेल्या एका भागापासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. १ ग्रॅम हिमोग्लोबिनपासून सुमारे ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन निघते. यकृत त्याला पाण्यात विरघळण्याजोगे करते आणि पित्तावाटे बाहेर टाकते. नवजात बाळाचे यकृत या कामात नवशिके असते. म्हणून अनेक निरोगी बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसते आणि काही दिवसांत ती आपोआप उतरते.

आता थोडा हिशेब करू. ३ किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सुमारे २५० मिलिलिटर रक्त असते. दर १०० मिलिलिटर रक्तात १७ ग्रॅम हिमोग्लोबिन धरले, तर एकूण हिमोग्लोबिन सुमारे ४२ ग्रॅम होते. रोज त्याचा नव्वदावा भाग मोडत असेल, तर सुमारे १६ मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होईल. पण समजा, काही कारणाने एकाच दिवसात दहावा भाग मोडला, तर? हिमोग्लोबिन ४.२ ग्रॅम आणि बिलिरुबिन १४७ मिलिग्रॅम, म्हणजे नऊपट! नवशिक्या यकृताला हे ओझे पेलत नाही. साचलेले बिलिरुबिन मेंदूत शिरले, तर बाळाला कायमचे बहिरेपण येऊ शकते, हातापायांच्या हालचाली बिघडू शकतात आणि प्राणही जाऊ शकतो.

मग आपल्या उदाहरणातील बाळ जन्मतः पिवळे का नव्हते? त्याच्या पेशी तर पोटात असतानाच मोडू लागल्या होत्या. याचे कारण असे, की गर्भात असताना बाळाचे बिलिरुबिन वारेतून आईच्या रक्तात जाते आणि आईचे यकृत ते काढून टाकते. नाळ कापली, की ही वाट बंद होते. त्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. म्हणूनच जन्मापासून पहिल्या २४ तासांत दिसणारी कावीळ ‘नेहमीची’ समजायची नसते, हा वैद्यकातील पक्का नियम आहे.

रक्तातील आठवण

आता बाळाच्या पेशी मोडतात कशामुळे, हा प्रश्न येतो. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर अनेक प्रकारच्या खुणा असतात. त्यांना प्रतिजन म्हणतात. ए आणि बी या खुणांचा शोध कार्ल लॅन्डस्टायनर यांनी १९०० ते १९०१ च्या सुमारास लावला. ‘डी’ नावाची आणखी एक खूण ज्याच्या पेशींवर आहे तो आर एच पॉझिटिव्ह, आणि जिच्या पेशींवर ती नाही ती व्यक्ती आर एच निगेटिव्ह. आपल्या देशात आर एच निगेटिव्ह माणसे शंभरात साधारण पाच-सहा असतात. युरोपीय वंशाच्या लोकांत हे प्रमाण सुमारे १५ आहे.

१९३९ साली न्यूयॉर्कमधील फिलिप लेव्हाइन आणि रूफस स्टेट्सन यांनी एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. तिचे बाळ पोटातच दगावले होते. तिला नवऱ्याचे रक्त देण्यात आले. दोघांचाही गट ओ होता, तरी तिला जोराची बाधा झाली. तिच्या रक्तजलात, म्हणजे सीरममध्ये, नवऱ्याच्या पेशी मिसळल्या तेव्हा त्यांचे पुंजके झाले. तिच्याशी जुळणाऱ्या गटाच्या १०४ माणसांच्या पेशी तपासल्या, त्यांपैकी ८० जणांच्या पेशींचेही पुंजके झाले. म्हणजे तिच्याजवळ नसलेली एखादी खूण बाळाला वडिलांकडून मिळाली असावी आणि तिच्या शरीराने त्या खुणेविरुद्ध प्रतिपिंड तयार केले असावेत. पुढच्याच वर्षी लॅन्डस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हिसस माकडाच्या रक्तावरील प्रयोगांतून ‘आर एच’ हे नाव रूढ केले.

आपल्या उदाहरणातील आईचे असेच झाले. बाळंतपणाच्या वेळी बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. पहिल्या वेळी आईच्या शरीराला ‘डी’ ही खूण अनोळखी होती. तिची ओळख पटून प्रतिपिंड तयार होईपर्यंत पहिले बाळ केव्हाच जन्मून मोकळे झाले होते. पण शरीराने ती ओळख लक्षात ठेवली. दुसऱ्या खेपेला पोटातील बाळाच्या थोड्याशा पेशी दिसताच प्रतिपिंडांची फौज तयार झाली आणि वारेतून बाळाकडे गेली. पहिल्या बाळंतपणाचे कागद माहेरी पेटीत राहिले, आठवण मात्र आईच्या रक्ताबरोबर सासरी आली.

प्रतिपिंड आईकडून बाळाकडे जातातच कशाला, असे तुम्ही विचाराल. गाय व्याली, की वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजतात, हे तुम्ही पाहिले असेल. गाईच्या वारेतून प्रतिपिंड वासराला मिळत नाहीत, ते चिकातून मिळतात. माणसात आई आपले प्रतिपिंड बाळाला गर्भातच देते. गोवर, घटसर्प अशा रोगांपासून पहिले काही महिने बाळाचे रक्षण होते ते याच देण्यामुळे. घोडीच्या पोटी जन्मलेल्या खेचराच्या शिंगराला कधी कधी अशीच कावीळ होते, पण ती चीक प्याल्यानंतर! वाट वेगळी, तत्त्व एकच.

जे दिसते ते पोचत नाही

१९४० नंतर प्रयोगशाळांपुढे एक कोडे उभे राहिले. बाळ तर आजारी आहे, आई आर एच निगेटिव्ह आहे, पण आईच्या रक्तजलात आर एच पॉझिटिव्ह पेशी मिसळल्या, तर कित्येकदा पुंजके होतच नाहीत. प्रतिपिंड आहेत की नाहीत?

याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्ही शिकला आहात. त्यामुळे मिठाच्या पाण्यात तरंगणाऱ्या दोन पेशी एकमेकींपासून सुमारे २५ नॅनोमीटर अंतर राखून असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर.

प्रतिपिंडांचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. आयजीएम हा मोठा, दहा टोके असलेला. त्याची पोच सुमारे ३० नॅनोमीटर. तो दोन पेशींमधील अंतर ओलांडून दोघींनाही धरतो, म्हणून पुंजके डोळ्यांना दिसतात. आयजीजी हा लहान, दोनच टोके असलेला. त्याची पोच सुमारे १४ नॅनोमीटर. तो एका पेशीला चिकटतो, पण शेजारणीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. नळीत पाहणाऱ्याला सर्व काही ठीकठाक दिसते.

आता खरी गंमत, किंवा खरी अडचण, पाहा. मोठा आयजीएम वारेतून पलीकडे जाऊ शकत नाही. लहान आयजीजी जातो. म्हणजे जो प्रतिपिंड डोळ्यांना दिसतो तो बाळापर्यंत पोचत नाही, आणि जो बाळापर्यंत पोचतो तो दिसत नाही. बाळाच्या पेशी त्याने पुरत्या माखलेल्या असल्या, तरी सूक्ष्मदर्शकाखालीही त्या सुट्याच दिसतात. बाळाची प्लीहा मात्र त्यांना बरोबर ओळखते आणि मोडून टाकते.

कूम्ब्स यांची युक्ती

हे कोडे १९४५ साली इंग्लंडमध्ये रॉबिन कूम्ब्स, आर्थर मूरन्ट आणि रॉबर्ट रेस या तिघांनी सोडवले. कूम्ब्स शिक्षणाने पशुवैद्य होते. लंडनहून केंब्रिजला परतताना, अंधुक दिव्यांच्या आगगाडीत आपल्याला ही कल्पना सुचली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. अशीच युक्ती इटलीतील कार्लो मोरेस्की यांनी १९०८ साली वापरली होती, पण ती विस्मृतीत गेली होती.

प्रतिपिंड हेही शेवटी एक प्रथिनच. माणसाचे हे प्रथिन सशाला टोचले, तर सशाच्या दृष्टीने ती परकी वस्तू ठरते आणि ससा त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतो. हा झाला प्रतिपिंडाविरुद्धचा प्रतिपिंड! आयजीजीने माखलेल्या पेशींत तो मिसळला, की तो एका पेशीवरील आयजीजीला एका हाताने आणि शेजारच्या पेशीवरील आयजीजीला दुसऱ्या हाताने धरतो.

कडब्याने भरलेल्या दोन बैलगाड्या शेजारी उभ्या आहेत, अशी कल्पना करा. कडबा बाहेर आलेला असल्याने गाड्या जवळ येऊ शकत नाहीत. दोन्ही गाड्यांवरून एकेक दोर लोंबतो आहे, पण कोणताही दोर पलीकडच्या गाडीपर्यंत पोचत नाही. आता मध्ये एक माणूस उभा राहिला आणि त्याने दोन्ही दोरांची टोके पकडली. गाड्या जोडल्या गेल्या! सशाचा प्रतिपिंड म्हणजे हा मधला माणूस.

पुढच्याच वर्षी, १९४६ साली, त्यांनी ही चाचणी आजारी बाळांच्या पेशींवर करून दाखवली. आता या चाचणीसाठी लागणारे द्रव्य इतर पद्धतींनीही तयार करतात, परंतु तत्त्व तेच आहे.

चाचणी कशी करतात?

आई आर एच निगेटिव्ह असेल, तर बाळ जन्मताच नाळेतून थोडे रक्त घेतात. बाळाला सुई टोचावी लागत नाही. या रक्तातील पेशी ०.९ टक्के मिठाच्या पाण्याने निदान तीन वेळा धुतात. नळीत मिठाचे पाणी भरायचे, सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवून पेशी तळाशी बसवायच्या, वरचे पाणी टाकायचे आणि पुन्हा तेच करायचे.

एवढे धुणे कशासाठी? रक्तजलात मोकळे प्रतिपिंड भरपूर असतात. ते राहिले, तर मधला माणूस गाड्यांकडे न जाता जमिनीवर पडलेले दोरच उचलत बसेल. शिवाय नाळेत एक चिकट पदार्थ असतो, त्याला व्हार्टनची जेली म्हणतात. ती मिसळली तर पेशी नुसत्याच चिकटतात आणि खोटे पुंजके दिसतात. नाळेचे रक्त म्हणूनच अधिक काळजीने धुतात.

धुतलेल्या पेशींच्या एका थेंबात कूम्ब्स द्रव्याचे दोन थेंब टाकतात, नळी थोडा वेळ फिरवतात आणि हलक्या हाताने हलवून पाहतात. पेशी धुरासारख्या सुट्या झाल्या, तर उत्तर ‘नाही’. पुंजके राहिले, तर उत्तर ‘आहे’. पुंजक्यांच्या आकारावरून १ ते ४ अशी श्रेणी देतात. ही झाली प्रत्यक्ष कूम्ब्स चाचणी. अनेक प्रयोगशाळांत आता नळीऐवजी जेल कार्ड वापरतात. बारीक नळीतील जेल चाळणीसारखे काम करते. सुट्या पेशी तळाला जातात, पुंजके वरच अडकतात.

अप्रत्यक्ष कूम्ब्स चाचणी आईच्या रक्तजलावर गरोदरपणातच करतात. आईचे रक्तजल आणि ओ गटाच्या आर एच पॉझिटिव्ह पेशी ३७ अंश सेल्सिअसला एकत्र ठेवतात, धुतात आणि मग कूम्ब्स द्रव्य टाकतात. पुंजके झाले, तर आईच्या रक्तात प्रतिपिंड आहेत. किती आहेत, हे कळण्यासाठी रक्तजल २ पट, ४ पट, ८ पट, १६ पट असे पातळ करीत जातात आणि कोठपर्यंत पुंजके होतात ते पाहतात. १६ किंवा ३२ पट पातळ करूनही पुंजके होत असतील, तर डॉक्टर सावध होतात.

‘नाही’ या उत्तराचीही परीक्षा

या चाचणीतील एक गोष्ट मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते. पुंजके झाले नाहीत, तर तंत्रज्ञ लगेच ‘नाही’ असे लिहीत नाही. त्याच नळीत तो मुद्दाम आयजीजीने माखलेल्या पेशींचा एक थेंब टाकतो. आता पुंजके झालेच पाहिजेत. झाले नाहीत, तर याचा अर्थ कूम्ब्स द्रव्य टाकायचे राहिले किंवा नीट धुतले न गेल्याने ते वाया गेले. म्हणजे पहिले ‘नाही’ बिनमोल ठरते आणि चाचणी पुन्हा करावी लागते. काहीच न दिसणे म्हणजे काहीच नसणे नव्हे. प्रयोगवहीत ‘बदल आढळला नाही’ असे लिहिताना हे आठवत जा.

दुसरा एक सापळा आहे. कधी कधी बाळाच्या पेशींवरील ‘डी’च्या सगळ्याच जागा आईच्या प्रतिपिंडांनी व्यापलेल्या असतात. अशा पेशींचा रक्तगट तपासू गेले, तर तपासणीच्या द्रव्यातील प्रतिपिंडांना बसायला जागाच मिळत नाही. गंगाखेडची एस. टी. गच्च भरून आली म्हणजे थांब्यावरचा माणूस खालीच राहतो, तसे हे. मग आर एच पॉझिटिव्ह बाळ निगेटिव्ह भासते! अशा वेळी कूम्ब्स चाचणीचे जोरदार ‘आहे’ तंत्रज्ञाला जागे करते.

याउलट चाचणीचे ‘आहे’ म्हणजे आजार आहेच, असेही नव्हे. आईची ओ आणि बाळाची ए किंवा बी अशी जोडी असली, तर पहिल्याच बाळाला हा आजार होऊ शकतो. तो बहुधा सौम्य असतो आणि चाचणीत पुंजके फिके दिसतात किंवा दिसतही नाहीत. म्हणून डॉक्टर बाळाचे हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन यांच्या आकड्यांसह निकाल वाचतात. एका साक्षीदारावर खटला चालवत नाहीत.

मुंबईने दिलेला धडा

रक्तगटांच्या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचेही एक पान आहे. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात आणि के. ई. एम. रुग्णालयात डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांना रक्त जुळवताना काही विलक्षण नमुने सापडले. पेशी तपासल्या तर गट ओ वाटे. पण त्यांच्या रक्तजलात ओ गटाच्या पेशींचेही पुंजके होत! ओ पेशींवर ‘एच’ नावाची खूण असते. ए आणि बी या खुणा तिच्यावरच उभारल्या जातात. या माणसांत ती मूळ खूणच नव्हती. १९५२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. त्यात लंडनच्या शास्त्रज्ञांचाही सहभाग होता, आणि त्यांपैकी एक होते रॉबर्ट रेस, म्हणजे कूम्ब्स चाचणीच्या त्रिकुटातील रेस! हाच ‘बॉम्बे रक्तगट’. भारतात तो सुमारे दहा हजारांत एकाला आढळतो.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा. या गटाच्या आईच्या रक्तजलाची अप्रत्यक्ष कूम्ब्स चाचणी केली, तर ओ गटाच्या प्रत्येक नमुन्याशी पुंजके होतात. क्वचित तिच्या बाळालाही हा आजार होऊ शकतो, कारण बाळाच्या पेशींवर ‘एच’ असते. केवळ पेशी तपासून ‘ओ’ लिहून मोकळे होणाऱ्याला हे कळणारच नाही. पेशी आणि रक्तजल दोन्ही तपासावीत, हा धडा मुंबईने जगाला दिला. १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. परळ येथे के. ई. एम.च्या आवारात असलेली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था ही त्याचीच पुढची पायरी.

निळ्या प्रकाशाचे औषध

निदान झाले, पुढे काय? आजार तीव्र असेल, तर बाळाचे रक्त थोडे थोडे काढून त्याऐवजी आर एच निगेटिव्ह रक्त भरतात. आईच्या उरलेल्या प्रतिपिंडांना मग मोडायला पेशीच सापडत नाहीत. ही पद्धत १९४६ पासून वापरात आहे. पण पुष्कळ बाळांचे काम निळ्या प्रकाशावरच भागते.

१९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड या परिचारिका बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगावरील दुपट्याचा कोपरा जेथे होता तेवढा भाग अधिक पिवळा राहिला आणि उघडा भाग फिका झाला, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे काही दिवसांनी खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतील बिलिरुबिन उतरलेले आढळले. १९५८ मध्ये तेथील डॉक्टरांनी दिव्याखाली उपचार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

बिलिरुबिन पिवळे का दिसते? ते पांढऱ्या प्रकाशातील निळा भाग, सुमारे ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा, शोषून घेते, म्हणून. आणि शोषलेली तीच ऊर्जा त्याच्या रेणूचा आकार बदलते. बदललेला रेणू पाण्यात विरघळतो आणि यकृताच्या मदतीवाचून बाहेर पडतो. ज्या कारणाने ते पिवळे दिसते, त्याच कारणाने निळा प्रकाश त्यावर औषध ठरतो! वसमतच्या हळदीचे गाळलेले पिवळे पाणी निळ्या जिलेटिन कागदातून पाहा. ते काळपट दिसेल. निळा रंग कोठे गेला, याचा वर्गात विचार करा.

मग उन्हात धरायला सांगणारी आजी बरोबरच नव्हती का? अर्धी बरोबर होती. उन्हात निळा प्रकाश आहे, पण त्याबरोबर उष्णता आणि जंबुपार किरणही आहेत, आणि मात्रा मोजता येत नाही. परभणीच्या ४० अंशांवरच्या उन्हाळ्यात उघडे बाळ उन्हात धरणे धोक्याचेच. मुख्य म्हणजे त्यात वेळ जातो, आणि या आजारात वेळच सर्वांत मोलाचा असतो.

बहात्तर तास

सर्वांत चांगली गोष्ट अशी, की आर एचमुळे होणारा हा आजार बहुतांशी टाळता येतो. आईच्या शरीराला ‘डी’ची ओळख पटण्यापूर्वीच तिला तयार ‘अँटी-डी’ प्रतिपिंड टोचले, तर तिचे शरीर स्वतःचे प्रतिपिंड तयार करीत नाही. लिव्हरपूल आणि न्यूयॉर्क येथील संशोधकांच्या कामातून हे औषध १९६८ साली वापरात आले. बाळ आर एच पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ते देतात. शक्य तेथे सातव्या महिन्यातही देतात. गर्भपातानंतरही त्याची गरज असू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र एकदा आईच्या शरीराने आठवण धरली, की मग हे औषध निरुपयोगी ठरते.

हे औषध मुख्यतः रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून मिळवतात. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन यांनी १९५४ ते २०१८ या काळात ११७३ वेळा रक्तदान केले. त्यांच्या रक्तद्रवातील अँटी-डीमुळे लाखो बाळांचे रक्षण झाले. २०२५ साली ते वारले.

आता पुन्हा आपल्या पालम तालुक्यातील घराकडे येऊ. पहिल्या बाळंतपणात नाळेचे रक्त तपासून आईला ७२ तासांत अँटी-डी मिळाले असते, तर ही वेळ बहुधा आलीच नसती. निदान दुसऱ्या खेपेला तिचा गट दवाखान्यात ठाऊक असता, तर बाळ पिवळे होण्याची वाट पाहावी लागली नसती. अडले ते ज्ञानापाशी नाही, कागदापाशी. बाळंतपण माहेरी, घर सासरी. कोणी ऊसतोडीला चार-सहा महिने दूर जातात. माणसे फिरतात आणि कागद मागे राहतात.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, तुम्हाला एक काम सांगतो. घरातील प्रत्येकाचा रक्तगट एका वहीत लिहून ठेवा. आई, मावशी, वहिनी किंवा थोरली बहीण आर एच निगेटिव्ह असेल, तर त्या नोंदीखाली ठळक रेघ मारा. त्या बाळंतपणासाठी जेथे जातील तेथे ती नोंद त्यांच्याबरोबर जाऊ द्या आणि नाळेचे रक्त तपासले का, असे विचारायला त्यांना सांगा. नाळेचे रक्त साक्ष द्यायला तयार असते. ती वेळेवर घेणारा कोणीतरी हवा असतो.